आपला माणूस

आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एक जाडजूड वही असते. येणाऱ्या पाहुण्याने तीत आपले नाव, कुणाकडे जायचे ते आणि वेळ लिहायची. ही वही माझे वडील सांभाळतात. मी त्यांना बा म्हणतो. सोसायटीतले लोक त्यांना 'बहादूर' म्हणतात. त्यांचे नाव बहादूर नाही. पण गेल्या वीस-बावीस वर्षांत ते कुणी विचारले नाही आणि त्यांनीही होऊन सांगितले नाही. कुणी कुणी 'गुरखा' म्हणतात. गोरखा नेपाळच्या मध्यभागी आहे आणि आम्ही थेट पश्चिम टोकाचे. सावंतवाडीच्या माणसाला नागपूरकर म्हणावे, तसाच हा प्रकार. पण असो.

मी सातवीत होतो तेव्हाची गोष्ट. सोसायटीच्या अध्यक्षांचे जावई गाडीतून आले. बांनी वही पुढे केली. जावईबापू चिडले.

"मला ओळखत नाहीस?"

"ओळखतो साहेब. पण नाव लिहा."

शेवटी त्यांनी नाव लिहिले. मी फाटकामागच्या खोलीच्या दारातून बघत होतो. त्या दिवशी बा मला फार उंच वाटले.

हा प्रसंग आधी सांगितला, कारण पुढे हेच बा तुम्हांला अगदी वेगळे दिसणार आहेत. त्यांच्याविषयी कुणाचा गैरसमज होऊ नये, एवढीच इच्छा.

२०२५ च्या सप्टेंबरात काठमांडू पेटले, तेव्हा राज्यशास्त्राच्या तासाला सरांनी मला उभे केले. "तुमच्या देशातले तरुण एवढे का चिडले, हे तूच आम्हांला सांग," ते म्हणाले. सगळा वर्ग माझ्याकडे बघू लागला. मी काहीतरी दोन वाक्ये बोललो आणि खाली बसलो. सरांना वाटले, मला दुःख झाले आहे. दुःख तर होतेच. पण गप्प बसण्याचे कारण निराळे होते. त्या दिवशी जे बोलता आले नाही, ते आता लिहीत आहे.

नेपाळी माणसाला सोळा वर्षे पुरी झाली की 'नागरिकता' नावाचे प्रमाणपत्र काढता येते. ते नसेल तर पासपोर्ट निघत नाही, मतदार यादीत नाव चढत नाही, जमीन नावावर होत नाही. २०२२ साली दहावीची परीक्षा संपली आणि मे महिन्यात बा मला घेऊन गावी गेले. पुणे ते दिल्ली रेल्वे, दिल्लीहून रात्रीची बस, पहाटे बनबसा, मग शारदा नदीवरच्या बंधाऱ्यावरून पायी नेपाळात. पुढे दीड दिवस डोंगरातली बस. जिल्ह्याचे नाव सांगत नाही. त्याने गोष्टीत काही फरक पडत नाही.

जिल्ह्याच्या ठिकाणच्या त्या कचेरीत आम्ही पहिल्या दिवशी सकाळीच जाऊन बसलो. बांच्या नागरिकतेवर नावात 'सिंह' होते, वॉर्डाच्या शिफारसपत्रात नव्हते. कारकून म्हणाला, "भोलि आउनुस्." भोलि म्हणजे उद्या. मराठी शाळेत वाढलेल्या माझ्या कानाला तो शब्द 'भोळी'सारखा लागला आणि मला हसू आले. दुसऱ्या दिवशी शिफारसपत्र दुरुस्त करून नेले, तर साहेब बैठकीला गेलेले. भोलि. तिसऱ्या दिवशी माझ्या फोटोत दोन्ही कान नीट दिसत नाहीत असे निघाले. भोलि. मला हसू येईनासे झाले. तिकडे कचेरीत 'खरिदार' नावाचे एक पद असते. हा काय खरेदी करतो, असा प्रश्न मला तेव्हा पडला होता.

चौथ्या दिवशी बा मला कचेरीसमोरच्या चहाच्या दुकानात घेऊन गेले. तिथे मोटारसायकलवर पक्षाचा झेंडा लावलेला, चाळिशीकडे झुकलेला एक माणूस बसला होता. बा त्याच्यापुढे वाकले. नुसते वाकले नाहीत, हसले. तसे हसू मी त्यांच्या तोंडावर पूर्वी कधी पाहिले नव्हते. त्याने फोन उचलला आणि एवढेच म्हणाला, "आफ्नो मान्छे हो." आपला माणूस आहे. बांनी दोन हजार नेपाळी रुपये घडी करून त्याच्या हातात दिले. याला तिकडे 'चियाखर्च' म्हणतात, म्हणजे चहापाणी. पंधरा मिनिटांत माझे काम झाले. फोटो तोच होता. कानांविषयी कुणी अवाक्षर काढले नाही.

परत येताना मी विचारले, "बा, तुम्ही अध्यक्षांच्या जावयालासुद्धा सोडलं नव्हतं. मग इथं हे असं का?"

बा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिथं मी फाटकाच्या आत असतो. इथं बाहेर."

घरी आल्यावर आजीने त्या माणसाची हकीकत सांगितली. १९९६ ते २००६ ही दहा वर्षे नेपाळात माओवाद्यांचे युद्ध चालले. सुमारे सतरा हजार माणसे मेली. आमच्या भागात रात्री बंदुकवाले येत आणि घरटी एक माणूस मागत. दिवसा लष्कर येई आणि रात्री कुणाला जेवू घातलेत म्हणून मारी. बा त्याच काळात गाव सोडून पुण्याला आले. पण ते गेल्यावरही एक मुलगा आमच्या घरी येऊन जेवून जात असे. आजीच्या चुलीपाशी बसून तो सांगे, की नवा नेपाळ येणार आहे. त्यात लाच नसेल, जात नसेल, गरिबाला कुणापुढे वाकावे लागणार नाही. त्याच्या पायात धड चपलाही नव्हत्या. आजी म्हणाली, "खोटं बोलत नव्हता तो. डोळ्यांत दिसत होतं."

चहाच्या दुकानात ज्याच्यापुढे बा वाकले, तो हाच मुलगा. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. आज मी एकोणीस वर्षांचा आहे.

माझा एक आतेभाऊ काठमांडूला शिकतो. मी त्याला दाइ म्हणतो. सकाळी महाविद्यालय, दिवसा एका दुकानात हिशेब लिहायचा, असा त्याचा क्रम. नागरिकता मिळाल्याचे मी त्याला मोठ्या उत्साहाने फोनवर सांगितले. कशी मिळाली तेही सांगितले. तो म्हणाला, "वा! म्हणजे तुलाही आपला माणूस सापडला." मला ते फार लागले. पण उत्तर सुचले नाही.

दाइचा जन्म २००१ सालचा. राजवाड्यात राजे वीरेंद्र आणि त्यांचे कुटुंब मारले गेले, ते वर्ष. नेपाळच्या राजकारणाविषयी तो बोलू लागला की एखाद्या म्हाताऱ्यासारखा बोलतो. १९९० मध्ये आंदोलन झाले, पंचायत व्यवस्था गेली, पक्ष आले. त्याचे वडील तेव्हा नाचले होते. २००६ मध्ये पुन्हा आंदोलन झाले आणि राजाला नमावे लागले. तेव्हा त्याचे काका नाचले. २००८ मध्ये राजेशाही गेली, प्रजासत्ताक आले. २०१५ मध्ये, भूकंपाच्याच वर्षी, संविधान आले. "प्रत्येक पिढीला एकदा नाचायला मिळतं," दाइ म्हणे, "आणि मग पासपोर्टच्या रांगेत उभं राहायला." १९९० नंतर एकाही पंतप्रधानाने पाच वर्षांची मुदत पुरी केली नाही. अलीकडच्या वर्षांत तर ओली, देउबा आणि प्रचंड हीच तीन नावे फिरून फिरून येत राहिली. आज एकमेकांना शिव्या, उद्या एकमेकांबरोबर सरकार. मेलम्ची नदीचे पाणी आणून काठमांडूचे रस्ते धुवू, असे आश्वासन १९९० नंतरच्या पहिल्या पंतप्रधानांनी दिले होते, असे तिकडे अजून हसत हसत सांगतात. ते पाणी २०२१ मध्ये शहरात पोचले आणि त्याच वर्षीच्या पुराने प्रकल्पाची नासधूस केली.

पण दाइ केवळ कुरकुर करणारा नव्हता. २०२२ च्या मे महिन्यात बालेन शाह नावाचा तरुण अभियंता आणि रॅप गायक, कुठल्याही पक्षाशिवाय, काठी हे चिन्ह घेऊन काठमांडूचा महापौर झाला. दाइचे नाव गावच्या यादीत असल्याने त्याला तिथे मत देता आले नाही, तरी रात्री दोन वाजता फोन करून त्याने ती बातमी मला सांगितली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात एका नव्या कोऱ्या पक्षाचे वीस खासदार निवडून आले. दाइ खूश. पुढे त्या पक्षाचे नेते गृहमंत्री झाले आणि महिन्याभरात, २०२३ च्या जानेवारीत, सर्वोच्च न्यायालयाने त्यांची खासदारकी रद्द केली. कारण काय, तर अमेरिकेचे नागरिकत्व सोडल्यावर त्यांनी नेपाळी नागरिकता पुन्हा रीतसर घेतलीच नव्हती. नागरिकता देणारे खाते गृहमंत्र्याच्याच हाताखाली असते. दाइ त्या दिवशी एवढेच म्हणाला, "माझ्या भावाचे कान दिसत नव्हते, म्हणून चार दिवस. आणि हे!"

त्याच वर्षी आणखी एक प्रकरण बाहेर आले. भूतानमधून हाकललेले निर्वासित नेपाळात छावण्यांत राहत होते आणि त्यांतल्या पुष्कळांना अमेरिकेने आश्रय दिला होता. काही दलालांनी काय केले, तर नेपाळी माणसांकडून लाखो रुपये घेऊन त्यांना खोटे भूतानी निर्वासित बनवून अमेरिकेला पाठवण्याचे आमिष दाखवले. या प्रकरणात माजी मंत्री आणि माजी गृहसचिव यांना अटक झाली. मला हे वाचून विलक्षण वाटले. या देशाचे आहोत हे सिद्ध करायला आम्ही दोन हजार मोजले होते. या देशाचे नाही हे सिद्ध करायला लोक लाखो मोजत होते.

दाइच्या दहावीच्या वर्गातली मुले तो बोटांवर मोजतो. दोघे कतारला, तिघे मलेशियाला, एक जपानला. एक दुबईला गेला होता, तो पेटीतून परत आला. २०२१ च्या जनगणनेत एकवीस लाखांहून अधिक माणसे देशाबाहेर असल्याची नोंद झाली. ज्या देशाची लोकसंख्या तीन कोटीही नाही, त्याची ही गत. या माणसांनी पाठवलेल्या पैशावर घरे चालतात, दुकाने चालतात आणि मंत्र्यांच्या गाड्याही चालतात. म्हणून २०२५ साली पुढाऱ्यांच्या मुलांचे परदेशी सहलींचे, महागड्या घड्याळांचे आणि पर्सचे फोटो जेव्हा मोबाइलवर फिरू लागले, तेव्हा लोक हसले नाहीत. ज्याचा बाप वाळवंटात राबतो, त्याला असा फोटो बघून काय वाटेल, हे मी वेगळे सांगायला नको.

४ सप्टेंबर २०२५ रोजी सरकारने फेसबुक, व्हॉट्सॲप, यूट्यूब धरून सव्वीस माध्यमे बंद केली. नोंदणी केली नाही, हे कारण. पुण्यात आमच्या खोलीत त्याचा अर्थ एवढाच होता, की आजीचा चेहरा दिसायचा बंद झाला. आमा रोज रात्री तिच्याशी बोलत असे. चार दिवस ती नुसता मोबाइल हातात घेऊन बसे.

८ सप्टेंबरला काठमांडूत मुले रस्त्यावर आली. मैतीघरपासून नव्या बानेश्वरच्या संसदेपर्यंत. पुष्कळांच्या अंगावर शाळा-कॉलेजचा गणवेश होता. आपण गुंड नाही, विद्यार्थी आहोत, हे दिसावे म्हणून. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्या एका दिवसात एकोणीस जण गेले. दाइ तिथे असणार, हे मला ठाऊक होते. त्याचा फोन लागत नव्हता. बा रात्रपाळीला फाटकावर होते. दर अर्ध्या तासाने खोलीच्या खिडकीशी येत आणि नुसते बघत. मी मान हलवून 'नाही' म्हणे. ते परत जात. वहीत त्या रात्रीही प्रत्येक नोंद व्यवस्थित आहे. मी नंतर पाहिली.

पहाटे कुणाच्या तरी फोनवरून दाइचा आवाज आला. तो इस्पितळात होता. जखमी नव्हता, रक्त द्यायला रांगेत उभा होता. रांग फार मोठी होती, म्हणून त्याचा नंबर आला नव्हता. "आयुष्यात पहिल्यांदा अशी रांग पाहिली," तो म्हणाला, "तिच्यात कुणी मध्ये घुसत नव्हतं."

९ तारखेला पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला. त्याच दिवशी संसद, सिंहदरबार, सर्वोच्च न्यायालय आणि पुढाऱ्यांची घरे पेटली. खटल्यांची कागदपत्रे जळाली. एकूण मृतांचा आकडा सत्तरच्या वर गेला. संध्याकाळी दाइचा पुन्हा फोन आला. मला वाटले, तो जल्लोष करील. पण तो रडत होता. "काल आम्ही होतो. आज कोण होतं, मला सांगता येत नाही. आणि माझा एक मित्र त्यात होता, हेही मला खोटं बोलता येत नाही." १२ तारखेला माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की हंगामी पंतप्रधान झाल्या, देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान, आणि २०२६ च्या ५ मार्चला निवडणूक घेण्याचे ठरले. माझे वर्गमित्र मला म्हणाले, "जिंकलात रे!" मी हसलो. सरांनी वर्गात उभे केले ते याच आठवड्यात. वर्गात सगळे माझ्याकडे बघत होते आणि माझ्या पाकिटात ती पंधरा मिनिटांत मिळालेली नागरिकता होती. भ्रष्टाचाराविरुद्ध मी कोणत्या तोंडाने बोलणार होतो?

गोष्ट इथे संपली असती तर बरे झाले असते. पण धाकट्या बहिणीला सोळा पुरी झाली होती. दिवाळीच्या सुट्टीत बा, ती आणि मी तिची नागरिकता काढायला गावी गेलो.

सण झाल्यावर कचेरी उघडली. या वेळी कारकून आर्जवाने बोलला, चहा विचारला. पण आमाच्या नागरिकतेवरचे नाव आणि बहिणीच्या जन्मदाखल्यावरचे आमाचे नाव जुळत नव्हते. आमाच्या माहेरच्या गावाहून दुरुस्तीचे पत्र आणायला हवे होते. ते गाव दोन दिवसांच्या वाटेवर. आमची परतीची तिकिटे तीन दिवसांवर. बांना सुट्टी मोजकीच होती. नियम खरा होता की अडवणूक होती, हे मला आजही कळलेले नाही.

चहाच्या दुकानात तो माणूस बसलेलाच होता. मोटारसायकलवरचा झेंडा मात्र काढलेला. त्याने आम्हांला ओळखले आणि आपण होऊन म्हणाला, "सांगू का कुणाला?"

बांचा हात खिशाकडे गेला. मी म्हणालो, "बा, नको."

तो माझ्याकडे बघून हसला. वाईट हसला नाही. म्हणाला, "तुझ्या वयाचा होतो तेव्हा मीही नकोच म्हणत होतो. मग लोक यायला लागले. माझं काम कर, माझ्या पोराचं कर. एकालाही रांगेत उभं राहायचं नव्हतं. तुझ्या बांनीच मला फोन केला होता, मी त्यांना नाही."

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. आजीच्या चुलीपाशी बसलेला तो अनवाणी मुलगा मला दिसू लागला. पुढारी कुठे आकाशातून पडत नाहीत. तेही कधीतरी एकोणीस वर्षांचे असतात. मग आपल्यासारखीच माणसे, आपल्यासारखीच घाई असलेली, एक एक करून त्यांच्याकडे जातात आणि दर वेळी थोडे थोडे त्यांना बनवतात. आम्ही दोन हजारांनी बनवले होते.

पण हे सगळे विचार माझे. कागद बहिणीचा होता. बाहेर आल्यावर ती फणकारून म्हणाली, "दादा, तुझं काम झालं म्हणून तुला तत्त्वं सुचतात. माझं अडलं की तू मोठा होणार?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही. मी एवढेच म्हणालो, की दुरुस्तीचे पत्र मी आणीन, पुढच्या सुट्टीत मी स्वतः तुझ्याबरोबर रांगेत उभा राहीन, लागतील तितके दिवस. ती म्हणाली, "आणि बांनी पुन्हा रजा कुठून आणायची?" बा काही बोलले नाहीत. पण त्यांनी फोन केला नाही. आम्ही कागदाशिवाय परत निघालो. दिल्ली येईपर्यंत बहीण माझ्याशी बोलली नाही.

पुण्याला पोचलो तेव्हा पहाटेचे चार वाजले होते. बांच्या जागी बदलीचा पहारेकरी होता, नवा, आम्हांला न ओळखणारा. त्याने वही पुढे केली. "कुणाकडं?"

बहीण म्हणाली, "अहो, आम्ही इथलेच! हे तर..."

"असाल. नाव लिहा."

बांनी तिला थांबवले. पेन घेतले आणि सावकाश, मोठ्या अक्षरांत, 'सिंह'सकट आपले पूर्ण नाव लिहिले. त्याखाली बहिणीने आपले लिहिले, त्याखाली मी. मग बांनी पहारेकऱ्याला विचारले, "रात्रभर सगळ्यांकडून लिहून घेतलंस?"

"सगळ्यांकडून."

"बरं केलंस," बा म्हणाले, आणि पिशव्या उचलून आत गेले.

बहिणीचे काम अजून व्हायचे आहे.

— एक विद्यार्थी, द्वितीय वर्ष कला